नाण्यावरचा राजा कसा वाचावा : ब्रिटिशकालीन नाण्यांच्या नव्या संग्राहकासाठी

मुंबईतल्या अनेक मराठी घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात दोन-चार जुने चांदीचे रुपये आजही ठेवले जातात. घरातली वडीलधारी माणसे त्यांना सरसकट 'राणीछाप' म्हणतात, मग त्यावर राणी असो वा दाढीवाला राजा. नाण्यांचा संग्रह करावासा वाटणाऱ्या माणसाने बाजाराची वाट धरण्यापूर्वी हे ताम्हन किंवा त्याखालचा डबा उघडावा, असा माझा पहिला सल्ला आहे. घरातल्या नाण्यामागे कोणी, कधी आणि कशासाठी ते जपले याची एक हकीकत असते, आणि ती विकत घेतलेल्या नाण्यासोबत मिळत नाही.

या लेखात मी १८३५ ते १९४७ या ११२ वर्षांतील राजमुद्रांकित नाण्यांपुरतेच लिहिणार आहे. विल्यम चौथा, व्हिक्टोरिया, एडवर्ड सातवा, पंचम जॉर्ज आणि सहावा जॉर्ज हे पाचच चेहरे या काळात हिंदुस्थानच्या नाण्यांवर आले. नवख्या माणसाला पाच चेहऱ्यांची मर्यादा झेपते. तांब्याचे पाव आणे आणि निकेलच्या आणेल्या घेतल्या तर खर्चही बेताचा राहतो. शिवाय यांपैकी पुष्कळशी नाणी फोर्टमधल्या टांकसाळीत, म्हणजे १८२९ पासून उभ्या असलेल्या आणि आजही चालू असलेल्या त्या वास्तूत पाडली गेली आहेत, त्यामुळे मुंबईकराला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

आधी पाहावे, मग घ्यावे

सर फिरोजशाह मेहता मार्गावरील अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे. तेथे एक सकाळ काढावी आणि प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारून केलेल्या, नाण्यांपासून आजच्या नाण्यांपर्यंतचा क्रम सावकाश पाहून घ्यावा. या फेरीत एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. नाण्यावर राजाचा चेहरा असलाच पाहिजे, अशी आपल्याकडे रीत नव्हती. सातवाहनांनी चांदीच्या नाण्यांवर राजाचे मुख कोरले, गुप्तांनी वीणा वाजवणारा किंवा सिंहाशी लढणारा राजा सोन्यावर दाखवला, जहांगिराने तर हाती मद्याचा पेला घेतलेली स्वतःची छबी मोहरेवर आणली. पण छत्रपती शिवाजी महाराजांच्या शिवराईवर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपती' एवढीच अक्षरे आहेत. राजाची सत्ता नावाने सांगितली जात होती. ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा मुंबई इलाख्यात आपले रुपये बराच काळ मोगल बादशहा शाह आलम याच्या नावाने आणि फारसी अक्षरांत पाडत राहिली, कारण लोकांचा विश्वास त्या नावावर होता. १८३५ च्या कायद्याने सर्व इलाख्यांसाठी एकच रुपया ठरला आणि त्यावर प्रथमच इंग्लंडच्या राजाचे मुख आले. त्यामुळे हा चेहरा पाहताना तो कोणाचा, एवढे विचारून थांबू नये. तो त्या वर्षी तेथे का आला आणि त्याच्याभोवतीची अक्षरे पुढे का बदलली, हे विचारावे. संग्रहाचे सगळे शिक्षण मला तरी या प्रश्नातून मिळाले.

नाणे हातात घेतल्यावर

नाणे नेहमी कडेने धरावे आणि खाली मऊ कापड अंथरावे. उजेड एका बाजूने, तिरपा पडेल असा ठेवावा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ असू द्यावे. प्रथम चेहऱ्याची दिशा पाहावी. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून एक संकेत होता, की प्रत्येक नव्या राजाचे तोंड आधीच्या राजाच्या उलट दिशेला असावे. त्यानुसार आपल्या नाण्यांवर विल्यम उजवीकडे पाहतो, व्हिक्टोरिया डावीकडे, एडवर्ड सातवा उजवीकडे आणि पंचम जॉर्ज डावीकडे. मात्र सहावा जॉर्जही डावीकडेच पाहतो. या दोघांमध्ये जो राजा होता आणि नाण्यावर आलाच नाही, त्याच्याकडे आपण पुढे येऊ.

दुसरी पाहणी मुकुटाची. विल्यम आणि एडवर्ड सातवा रुपयावर उघड्या डोक्याने आहेत. १८४० ची व्हिक्टोरियाही मुकुटाविना, केस बांधलेली तरुणी आहे. १८६२ पासून ती मुकुट आणि नक्षीदार वस्त्रांत दिसते. दोन्ही जॉर्जना मुकुट आहे. अक्षरे झिजून गेलेल्या रुपयाचा राजा दिशा आणि मुकुट या दोन खुणांवरून बहुतेक वेळा ओळखता येतो.

यानंतर वजन करावे. प्रमाणित रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि बारा भागांतील अकरा भाग शुद्ध चांदीचा होता. दशांश दोन स्थळांपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा अवश्य घ्यावा. वापरलेले नाणे किंचित हलके भरते, पण ते अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त हलके असेल किंवा थोडेही जड असेल, तर सावध व्हावे. चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही. १९४७ चा वाघाचा रुपया मात्र शुद्ध निकेलचा असल्याने चिकटतो, म्हणून तो चिकटला तर घाबरू नये. ओतीव बनावट नाण्यावर भिंगातून बारीक खड्डे आणि बोथट अक्षरे दिसतात, आणि कडेवरच्या दात्यांमध्ये कधी कधी जोडाची रेघही सापडते.

पाच राजे, त्यांच्या नाण्यांसह

विल्यम चौथा हा तिसऱ्या जॉर्जचा तिसरा मुलगा, त्यामुळे राज्य आपल्याकडे येईल अशी त्याने लहानपणी अपेक्षा करण्याचे कारण नव्हते. तेराव्या वर्षी तो आरमारात गेला. डोरोथिया जॉर्डन या अभिनेत्रीबरोबर त्याने सुमारे वीस वर्षे संसार केला आणि त्यांना दहा मुले झाली, परंतु विवाह झालेला नसल्याने त्यांच्यापैकी कोणालाही गादीचा हक्क नव्हता. पुढे ॲडिलेड राणीपासून झालेल्या त्याच्या दोन्ही मुली तान्हेपणीच गेल्या. १८३० मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तो राजा झाला आणि १८३७ मध्ये वारला. त्याच्या रुपयावर 'चौथा' हा आकडा रोमन पद्धतीने, पण चार उभ्या रेघांनी लिहिलेला आहे. मागच्या बाजूस पुष्पचक्रात इंग्रजी आणि फारसीत 'एक रुपया' असून भोवती ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आहे. राजाचा चेहरा आणि व्यापारी कंपनीचे नाव एकाच नाण्यावर असणे, ही त्या काळातील सत्तेची अचूक नोंद आहे. एक खबरदारी घ्यावी : ही नाणी राजाच्या मृत्यूनंतरही १८४० पर्यंत पाडली गेली, तरी वर्ष १८३५ हेच राहिले. तेव्हा नाण्यावरचे वर्ष म्हणजे ते पाडल्याचेच वर्ष, असे गृहीत धरू नये.

व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण तेथे शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे आणि नाणीही सहज मिळतात. विल्यमची ही पुतणी अठराव्या वर्षी राणी झाली. तिने त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ राज्य केले, पण ती हिंदुस्थानात कधीच आली नाही. पती अल्बर्ट १८६१ मध्ये वारल्यावर तिने उरलेले आयुष्य काळ्या वस्त्रांत काढले. १८८७ पासून आग्र्याच्या अब्दुल करीम या मुनशीकडून ती हिंदुस्तानी लिहा-वाचायला शिकली. तिच्या रुपयाचे तीन टप्पे ध्यानात ठेवावेत. १८४० च्या रुपयावर तिला 'क्वीन' म्हटले आहे आणि मागे कंपनीचे नाव आहे. त्यातही एका प्रकारात अक्षरे डोक्यावरून सलग जातात, तर दुसऱ्यात नाव एका बाजूला आणि पदवी दुसऱ्या बाजूला अशी विभागलेली आहेत. १८५७ च्या उठावानंतर राज्य कंपनीकडून राणीकडे गेले, म्हणून १८६२ च्या नाण्यावरून कंपनीचे नाव जाऊन तेथे 'इंडिया' आले. ब्रिटिश संसदेने १८७६ मध्ये पदवीचा कायदा केला, १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरला आणि त्याच वर्षापासून नाण्यांवर 'एम्प्रेस', म्हणजे सम्राज्ञी, ही अक्षरे आली.

हे बदललेले एकच पद पाहताना मला त्या वर्षीचा दख्खन आठवल्याशिवाय राहत नाही. दरबार भरला तेव्हा आपल्याकडे भीषण दुष्काळ पडलेला होता, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्या झगमगाटात हाताने विणलेल्या खादीच्या वेषात उपस्थित राहिले होते. पुढे १८९६ मध्ये चाफेकर बंधूंनी मुंबईतील राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली. १८७७ चा रुपया संग्रहात ठेवताना त्याच्या टिपणात या दोन्ही गोष्टी लिहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. चेहऱ्याबद्दलही एक गोष्ट नोंदवावी. इंग्लंडच्या नाण्यांवर १८८७ मध्ये आणि पुन्हा १८९३ मध्ये राणीची अधिक वयस्क छबी आली, पण आपल्या रुपयावर १९०१ मध्ये ती वारली तोवर तरुणच राहिली.

एडवर्ड सातवा वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी गादीवर आला. युवराज असताना तो ८ नोव्हेंबर १८७५ रोजी मुंबई बंदरात उतरला होता आणि दुसऱ्याच दिवशीचा त्याचा वाढदिवस या शहराने साजरा केला. त्या भेटीच्या स्मरणार्थ सर अल्बर्ट ससून यांनी दिलेला त्याचा अश्वारूढ पुतळा ज्या चौकात उभा राहिला, तोच आपला काळा घोडा. पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, तरी चौकाचे नाव टिकले. जून १९०२ मध्ये ठरलेला त्याचा राज्याभिषेक आतड्याच्या दुखण्यावर तातडीने करावी लागलेली शस्त्रक्रिया यामुळे लांबून ऑगस्टमध्ये झाला, आणि त्याचा चेहरा असलेले आपले नाणे १९०३ मध्ये आले. त्याची कारकीर्द १९१० मध्ये संपल्यामुळे सगळी वर्षे जमवणे नवख्यालाही शक्य असते. रुपयाबरोबर १९०७ पासूनची निकेलमिश्रित आणेली घ्यावी. तिची कड लाटेसारखी वळणदार आहे, तीवर एडवर्ड मुकुटासह आहे आणि एक आणा ही किंमत नागरीतही लिहिलेली आहे.

पंचम जॉर्ज हाही धाकटा मुलगा. थोरला भाऊ १८९२ मध्ये वारल्यामुळे तो वारस ठरला, आणि भावाची वाग्दत्त वधू मेरी हिच्याशीच त्याचा पुढच्या वर्षी विवाह झाला. टपाल तिकिटांचा तो अत्यंत चोखंदळ संग्राहक होता. युवराज असताना त्याने ११ नोव्हेंबर १९०५ रोजी आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसवली, आणि सम्राट म्हणून तो २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरला. त्याच जागी गेटवे ऑफ इंडिया उभा आहे. राज्यावर असताना हिंदुस्थानात आलेला ब्रिटिश सम्राट एवढा हा एकच.

त्याच्या पहिल्या रुपयाची हकीकत प्रत्येक संग्राहकाला माहीत असते. राजाच्या वस्त्रावर एका राजसन्मानाची साखळी कोरलेली असून तिच्यात हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर त्या हत्तीची सोंड आणि पाय इतके आखूड झाले, की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात मोठी नाराजी पसरली, सरकारला उरलेली नाणी रोखून धरावी लागली आणि १९१२ पासून हत्ती स्पष्ट कोरण्यात आला. त्यामुळे १९११ चा रुपया इतर वर्षांपेक्षा महाग असतो. नवख्याने १९११ आणि १९१२ ची नाणी शेजारी ठेवून भिंगातून फक्त तो हत्ती पाहावा; नाणे बारकाईने पाहण्याचा याहून चांगला पहिला धडा मला माहीत नाही. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी टंचाई झाली, की अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी येथे पाठवली आणि तिचे रुपये पाडले गेले. त्याच काळात, १९१८ मध्ये, मुंबईच्या टांकसाळीत सोन्याचे ब्रिटिश सॉव्हरिनही पाडले गेले. त्यांवर इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर आहे.

जानेवारी १९३६ मध्ये पंचम जॉर्ज वारला आणि आठवा एडवर्ड गादीवर आला. दोनदा घटस्फोट झालेल्या वॉलिस सिम्पसन या अमेरिकन स्त्रीशी विवाह करता यावा म्हणून त्याने त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्य सोडले. ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनात त्याचा चेहरा कधीच आला नाही, मात्र कच्छ संस्थानाने १९३६ मध्ये 'कोरी' ही आपली संस्थानी नाणी त्याच्या नावाने पाडली. आपले तोंड डावीकडूनच बरे दिसते, असे मानून त्याने दिशेचा जुना संकेत मोडण्याचा हट्ट धरला होता. भाऊ सहावा जॉर्ज आल्यावर, एडवर्डने संकेताप्रमाणे उजवीकडेच पाहिले होते असे मानून त्यालाही डावीकडे पाहणारा दाखवण्यात आला.

सहावा जॉर्ज बोलताना अडखळत असे आणि त्यासाठी त्याने लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाकडून वर्षानुवर्षे शिक्षण घेतले. त्याच्या नाण्यांत दुसरे महायुद्ध सरळ दिसते. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली, १९४३ पासून धातू वाचवण्यासाठी मध्ये भोक असलेला, चेहरा नसलेला पैसा निघाला आणि अखेर रुपयातून चांदी पूर्ण जाऊन निकेल आले. जून १९४८ मध्ये त्याने 'हिंदुस्थानचा सम्राट' ही पदवी सोडली, तरी त्याची नाणी चलनात होतीच. १५ ऑगस्ट १९५० रोजी अशोकस्तंभाच्या सिंहांची नवी नाणी निघाली, तेव्हा राजाचे मुख आपल्या नाण्यांवरून गेले. त्यानंतर १९९९ च्या दोन रुपयांच्या नाण्यावर शिवछत्रपतींची प्रतिमा आली. ते अकरा कोनांचे नाणे संग्रहाच्या शेवटी ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

टांकसाळीची खूण

चेहरा ओळखल्यावर नाणे कोठे पाडले ते शोधावे. पंचम जॉर्जच्या मुंबईच्या रुपयावर मागील बाजूस तळाशी, कमळाच्या फुलाखाली, एक बारीक ठिपका असतो. कलकत्त्याच्या नाण्यावर तो नसतो. युद्धकाळात लाहोरला पाडलेल्या नाण्यांवर इंग्रजी 'एल' आढळतो. मुंबईच्या १८६२ च्या रुपयांवर वर्षाच्या आजूबाजूला ठिपक्यांचे निरनिराळे प्रकार आहेत, आणि केवळ तेवढ्यावर संग्रह करणारे लोक आहेत. त्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये.

खरेदी आणि सांभाळ

चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर आणि फोर्टच्या पदपथांवर जुनी नाणी दिसतात. तेथे पाहावे, बोलावे, हाताळावे; पण पहिली खरेदी पावती देणाऱ्या आणि नाणे खोटे निघाल्यास परत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच करावी. मी सुरुवातीला एका विक्रेत्याकडून १९३९ चा रुपया मोठ्या आनंदाने घेतला होता. सहाव्या जॉर्जचा तो रुपया दुर्मिळ आहे, हे वाचून मला ठाऊक होते. घरी भिंगाखाली धरल्यावर दिसले, की १९३८ मधला आठ खरवडून त्याचा नऊ केलेला होता. वजन बरोबर होते, चांदी खरी होती, फक्त एक आकडा खोटा होता. तेव्हापासून महाग वर्षाचे नाणे असेल, तर मी शेवटचा आकडा आणि त्याच्याभोवतीची पृष्ठभागाची चकाकी सर्वांत आधी पाहतो.

जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ, त्यासाठी आधी नोंदणीशुल्क भरा, असे सांगणाऱ्या जाहिरातींना कोणी बळी पडू नये. अशा व्यवहारांत आपले नाव वापरले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे दिला आहे. कायद्याच्या दोन गोष्टीही माहीत असाव्यात. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते, त्यामुळे ते परदेशातील नातेवाइकांना भेट म्हणून पाठवता येत नाही. आणि गावाकडे घर पाडताना किंवा शेतात नाण्यांचे हंडे सापडले, तर १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

नाणे कधीही घासू नये. दिवाळीला भांडी उजळतात त्याच उत्साहाने चिंच, लिंबू, राख किंवा पावडर लावून चकचकीत केलेले रुपये मी अनेक घरांत पाहिले आहेत. चांदीवर वर्षानुवर्षे बसलेली करडी-निळसर झाक हे नाण्याचे वय असते, आणि ती गेली की किंमतही उतरते. दागिन्यासाठी कडी जोडलेले नाणे संग्रहाच्या दृष्टीने कमी मोलाचे ठरते, पण ते आजीच्या गळ्यातले असेल तर कडी काढण्याचा विचारही करू नये. मुंबईच्या दमट हवेत मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्या घाम धरल्यासारख्या चिकट होतात आणि नाण्यावर हिरवट थर चढतो. त्याऐवजी पातळ पारदर्शक खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकोनी पाकिटे घ्यावीत, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या पावसाळ्याच्या आधी व मध्ये अशा दोनदा बदलाव्यात.

शेवटचे काम वहीचे. प्रत्येक नाण्याला एक क्रमांक द्यावा आणि राजा, वर्ष, किंमत, टांकसाळ, स्वतः केलेले वजन, कोठून आले आणि नाण्याशी निगडित एक घटना एवढे लिहावे. माझ्या वहीतील एक नोंद नमुन्यादाखल देतो : 'क्रमांक १४. पंचम जॉर्ज, एक रुपया, १९१२, फुलाखाली ठिपका, मुंबई. वजन ११.५८ ग्रॅम. हत्तीची सोंड स्पष्ट. गिरगावच्या मावशीच्या लक्ष्मीपूजनातला. तिच्या सासूबाईंना लग्नात मिळालेला. कधीही घासलेला नाही.'